टोचरा स्वेटर

मध्यंतर झालं तेव्हा कोचबाईंच्या संघाची दशा बघवत नव्हती, आणि त्यात सासूबाई स्वेटर घेऊन उभ्या राहिल्या.

"घाल गं. ओठ निळे पडलेत."

"आई, सामना संपला की घालते."

"संपल्यावर घरीच जायचंय. तिथं पांघरूण आहे."

बास्केटबॉलच्या हॉलची वरची खिडकी मोडलेली होती आणि वारं बोचत होतं, हे खरं. सुनेची नोकरी म्हणजे 'पोरींना उड्या मारायला लावणं' असं सगळ्या नात्यागोत्यात सांगणाऱ्या सासूबाई आज पहिल्यांदाच सामना बघायला आल्या होत्या, तेही पहिल्या रांगेत, स्वतः विणलेला जांभळा स्वेटर मांडीवर घेऊन. बाईंनी मुकाट्यानं घातला. वाद घालायची ही वेळ नव्हती. क्लबच्या सेक्रेटरींनी सकाळीच गोड आवाजात सांगून ठेवलं होतं, "मॅडम, आज हरलो तर पुढच्या वर्षी तुम्ही शिशुवर्ग बघा. तिथं चेंडूही हलके असतात."

मागे पडण्याचं कारण समोरच्या बाकावर बसलं होतं. पलीकडची कोच ही बाईंचीच जुनी सहायक; बाईंच्या सगळ्या खुणा तिला तोंडपाठ. मान खाजवली की पुढे जाऊन समोरच्यांना दाबायचं, कोपर चोळलं की लांबून फेकायचं, कान ओढला की चेंडू उंच पोरीकडे, म्हणजे लंबूकडे. खुणा बदलायच्या तर पोरींना याच लक्षात ठेवायला दोन मोसम लागले होते. बाईंनी कान धरला रे धरला, की पलीकडच्या दोघी लंबूच्या आजूबाजूला हजर.

खेळ पुन्हा सुरू झाला आणि स्वेटर मानेला चावला. बाईंचा हात आपोआप मानेवर गेला.

"दाबतायत! मागे सरका!" सहायक ओरडली. तिच्या पोरी मागे सरकल्या.

तेवढ्यात कोपर टोचलं. बाईंनी चोळलं.

"लांबून फेकणार! पुढे या!"

पोरी पुढे आल्या. मग कानामागे, मग पुन्हा मान, मग दोन्ही कोपरं एकदम. दोन्ही कोपरांची खूण मुळात नव्हतीच. सहायकेनं मात्र तिचाही काहीतरी अर्थ लावला. तिच्या पोरी पुढे-मागे धावून एकमेकींवर आदळायला लागल्या. बाई पाठ बाकावर घासत होत्या, घासताना शरमेनं डोळे मिटून घेत होत्या, आणि स्वेटर काढावा म्हटलं तर सासूबाई कौतुकानं टक लावून बघत होत्या.

डोळे उघडले तेव्हा शिट्टी वाजली होती आणि पोरी लंबूला खांद्यावर घ्यायच्या खटपटीत होत्या. एका गुणानं जिंकल्या होत्या.

सेक्रेटरी धावत आले. "मॅडम, काय डावपेच! शिशुवर्गाचं विसरा. पुढची तीन वर्षं हाच संघ तुमचा."

"घरचंच आहे सगळं," बाई मान खाजवत म्हणाल्या.

ते गेल्यावर कॅप्टन हळूच जवळ आली. "मॅडम, रागावू नका. तुमच्या खुणा इतक्या भराभर यायला लागल्या, की आम्ही तुमच्याकडे बघायचंच सोडलं. आपलं आपलं खेळलो."

आजवर खुणेवर नुसती शंका घेणारीला बाई मैदानाला फेऱ्या मारायला लावत. आज त्यांनी सेक्रेटरींच्या पाठीकडे पाहिलं, कॅप्टनकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "बरं. कुणाला सांगू नकोस."

घरी जाताना सासूबाईंनी स्वेटरची बाही चाचपून पाहिली.

"टोचत होता ना गं?"

"नाही हो आई. छान ऊब होती."

"मला काय दिसत नाही? तू पहिल्यांदा मानेला हात लावलास तेव्हाच म्हणणार होते, काढ बाई. पण त्या समोरच्या पोरी पळायला लागल्या, म्हटलं, राहू दे अंगात." त्यांनी पिशवीत हात घालून लोकरीचा नवा गुंडा बाहेर काढला. "हा जास्त टोचतो. पुढच्या मोसमाला."