पिंपळाचं दुसरं लग्न

त्रिविक्रमनं ठरवलं ते एवढंच, की वाटेत आडवं आलेलं एक मूळ काढायचं. एकच. मोठ्या निर्णयांच्या बाबतीत माणूस सुरक्षित असतो. चार लोक अडवायला येतात, दोघं शपथा घालतात, आणि निर्णय आपोआप बारगळतो. लहान निर्णयाच्या वाटेला कोणी जात नाही. म्हणून तो पार पडतो.

त्रिविक्रम अमेरिकेत चार वर्षं शेतकी शिकून परत आला त्याला तेव्हा आठ महिने झाले होते. साल एकोणीसशे अठ्ठावन्न. बोटीतून उतरताना त्याच्याजवळ दोन ट्रंका होत्या. एकीत कपडे, दुसरीत पुस्तकं, आणि डोक्यात (कारण ट्रंकेत मावला नसता) अख्खा देश. त्याचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी मराठी फौजेबरोबर बेंगळूरला आलेलं आणि परत जायचं विसरलेलं. आता घराण्यात उरले होते दोघंच: चामराजपेटेत राहणारी त्याची विधवा आत्या सकवारबाई आणि तो. आत्यानं त्याच्यासाठी एक सरकारी नोकरी आणि तीन मुली पाहून ठेवल्या होत्या. त्यानं चारही नाकारल्या आणि येलहंक्यापलीकडच्या घरच्या बागेत राहायला गेला.

बाग म्हणायची एवढंच. सोळा एकरांत आंबा, फणस, चिंच, जांभूळ आणि कोणी न लावलेलं बरंच काही. मध्ये तीन खोल्यांचं कौलारू घर. त्यातल्या पुढच्या खोलीत त्रिविक्रमनं गावकऱ्यांसाठी ‘रीडिंग रूम’ उघडली. साठ पुस्तकं, दोन वर्तमानपत्रं, दोन बाकं आणि भेट देणाऱ्यांच्या सह्यांसाठी एक वही. पाच महिन्यांत वहीत एकच सही झाली होती. ती त्याची स्वतःची; सही कशी करायची ते लोकांना कळावं म्हणून त्यानं नमुन्यादाखल केलेली.

पोस्टमन आठवड्यातून एकदा सायकल हातानं ढकलत यायचा, पण बसायचा नाही. राखणदार यल्लाप्पा दिवसभर असायचा, पण तो सकाळी "सरी, चिक्कधनी" म्हणजे बरं, धाकटे धनी, असं म्हणून जो गप्प व्हायचा तो संध्याकाळी पुन्हा तेच म्हणेपर्यंत. त्याची बायको यल्लव्वा स्वयंपाक झाकून ठेवून दुपारीच घरी जायची. जेवताना त्रिविक्रम वर्तमानपत्र समोर उभं करून ठेवायचा आणि अग्रलेखाशी मतभेद व्यक्त करायचा. अग्रलेख ऐकून घ्यायचा.

लोक का येत नाहीत याचा त्यानं शास्त्रीय विचार केला आणि दोष वाटेचा ठरवला. गावातून स्टेशनच्या रस्त्याला जायची जवळची वाट या बागेतून, घराच्या दारावरूनच जात होती. पण मुळांनी ती अशी उखडली होती, की बैलगाडी सोडाच, डोक्यावर पाटी घेतलेली बाईसुद्धा त्यापेक्षा तळ्याच्या बांधावरून मैलभर वळसा घ्यायची. वाट नीट झाली, की लोक दारावरून जातील; जातील तर डोकावतील; डोकावतील तर बसतील. असं झालं म्हणजे गावाला ज्ञान मिळेल, असं त्यानं आत्याला पत्रात लिहिलं. आपल्याला बोलायला माणूस मिळेल, हे मात्र त्यानं आत्याला काय, स्वतःलाही कळवलं नाही.

चिकमगळूरच्या एका कॉफीमळ्यातून त्यानं एक लहानसा, करड्या रंगाचा जुना ट्रॅक्टर आणला होता. मागे माती ओढायचं लोखंडी पातं. तो सकाळी सुरू व्हायला कुरकुरायचा, तेव्हा त्रिविक्रम त्याची इंग्रजीतून मनधरणी करायचा. पुढं पुढं सुरू झाल्यावरही बोलत राहायचा. अमेरिकेतली थंडी, आपली विहीर, पंचवार्षिक योजना. त्या यंत्राला कन्नड येत नाही म्हणून धन्यांना असं बोलावं लागतं, अशी यल्लाप्पानं गावात त्याची बाजू सावरून घेतली होती.

काम मात्र त्रिविक्रमला खरोखर येत होतं. मुळाभोवती पहारीनं माती मोकळी करायची, बारीक फाटे कुऱ्हाडीनं तोडायचे, साखळी जमिनीलगत अडकवायची आणि सगळ्यात खालच्या गियरमध्ये, गाडीला हिसका न देता, हळूहळू ओढायचं. खड्डा बुजवून वरून पातं फिरवायचं, मधला भाग जरा उंच ठेवून, म्हणजे पावसाचं पाणी दोन्ही कडांना उतरतं. तीन आठवड्यांत निम्मी वाट तळहातासारखी झाली.

आणि मग ते मूळ आलं. वाटेच्या कडेला घाणेरीच्या रानात एक पिंपळ आणि एक कडुलिंब एकमेकांना बिलगून उभे होते. दोन झाडं इतकी जवळ लावू नयेत हे त्रिविक्रम पहिल्याच वर्षी शिकला होता. दोन्ही बुंध्यांना मिळून एक विटका दोरा गुंडाळलेला होता. कोणीतरी इथं धुणं वाळत घालत असावं, असा त्यानं निष्कर्ष काढला. घाणेरीखाली दगडी कट्टा होता, पण तो दिसत नव्हता. यल्लाप्पा त्या दिवशी आत्याकडून लोणच्याची बरणी आणायला शहरात गेला होता. म्हणजे अडवायला कोणी नव्हतं.

त्यानं साखळी लावली आणि ओढलं. ट्रॅक्टरची पुढची चाकं वीतभर उचलली गेली, पुन्हा टेकली, आणि मूळ सुटलं. त्याच्यामागोमाग अख्खा कडुलिंब, आतून पोकळ झालेला, एखाद्या म्हाताऱ्या बाईनं "बसते गं जरा" म्हणून बसावं तसा सावकाश वाटेवर आडवा झाला.

संध्याकाळी यल्लाप्पा आला. त्यानं बरणी खाली ठेवली, डोक्याचं मुंडासं काढलं आणि झाडाशेजारी मातीत बसला. त्रिविक्रम झाडाच्या आतल्या कुजीविषयी माहिती देऊ लागला. यल्लाप्पानं ती पूर्ण ऐकून घेतली.

"चिक्कधनी," तो म्हणाला, "ही त्याची बायको होती."

मग आठ महिन्यांत बोलला नव्हता तेवढा यल्लाप्पा एका दमात बोलला. गावचे पाटील शिवाप्पा गौडा, त्यांच्या आजीला मूल नव्हतं, तेव्हा तिनं नवस करून ही दोन झाडं लावली, पिंपळाची मुंज केली आणि वयात आल्यावर कडुलिंबाशी त्याचं लग्न लावलं. पाचशे पान उठलं होतं. पुढच्याच वर्षी आजीला मुलगा झाला. तो शिवाप्पांचा बाप. थोडक्यात, त्रिविक्रमनं साखळी लावून ओढली होती ती गावच्या गौडांची एक प्रकारे थोरली चुलतीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी रीडिंग रूममध्ये एकदम नऊ माणसं आली. त्रिविक्रमला क्षणभर आनंदच झाला. त्यानं बाकं पुसली, वर्तमानपत्राची पानं वाटली. पण पुढे शिवाप्पा गौडा होते, साठीचे, उपरणं खांद्यावर, आवाज अगदी खालचा. माणूस चिडलेला असता तर त्रिविक्रमला भाषण करता आलं असतं. शिवाप्पा नुसते विचारत होते, की पिंपळ आता एकटा पडला, त्याचं तुम्ही काय करणार.

एकटं पडण्याविषयी त्रिविक्रमला बरंच सांगता आलं असतं. पण त्यानं मान खाली घातली आणि गाव म्हणेल ते करीन म्हणाला. तो दुसरा कडुलिंब लावणार होताच. शिवाप्पा म्हणाले, लावून चालत नाही, लग्न करून आणावं लागतं. त्यांच्या परड्यात दोन वर्षांचं एक रोप होतं, ते द्यायला ते तयार होते. वधूपिता ते, वरपक्ष बागेच्या मालकाचा.

इथं त्रिविक्रममधला सुधारक जागा झाला. नवरा शंभरीचा आणि नवरी दोन वर्षांची. जरठबाला विवाहाला आपला तत्त्वतः विरोध आहे, असं त्यानं मोडक्या कन्नडमध्ये सांगितलं. शिवाप्पांनी उपरणं झटकून पुन्हा खांद्यावर टाकलं.

"तुमचं तुम्ही जमेल तेव्हा करा," ते म्हणाले. "पिंपळाला थांबवू नका."

मुहूर्त बारा दिवसांवर निघाला. वधूपक्षाची एकच अट होती: मुलीचं वऱ्हाड मुळांवरून ठेचकाळत येणार नाही. तेव्हा राहिलेली वाट त्रिविक्रमनं बारा दिवसांत सपाट केली. सकाळी अंधुक उजाडताच तो साखळी घेऊन निघायचा. गावातली आठ-दहा माणसं आपण होऊन कुऱ्हाडी घेऊन मदतीला येऊ लागली. ती फांद्या तोडायची, त्याला "स्वल्प डावीकडं" म्हणून ओरडून सांगायची, दुपारी त्याच्याबरोबर चिंचेखाली नाचणीचा गोळा खायची. ट्रॅक्टरशी बोलायचं त्रिविक्रम विसरूनच गेला. आयुष्यात तो एवढा सुखी क्वचितच झाला असेल, आणि तेही विधुराच्या लग्नाच्या तयारीत.

आत्या आदल्या दिवशी आली. तिनं सगळं पाहिलं, नव्या वाटेनं एकदा चालून आली आणि म्हणाली, "घराण्यात कार्य निघालं म्हणायचं. कोणाचं का असेना."

मग एक अडचण निघाली. वराचे आईबाप म्हणून विधीला जोडपं बसायला हवं होतं. त्रिविक्रम अविवाहित; आत्या विधवा. पुरोहितानं चारी बाजूंना पाहिलं आणि यल्लाप्पा आणि यल्लव्वाला पाटावर बसवलं. आत्यानं त्रिविक्रमसाठी बेंगळूरहून आणलेलं जरीचं उपरणं यल्लाप्पाच्या खांद्यावर गेलं. मग वरपक्षाच्या मुख्य माणसानं काय करायचं? शिवाप्पा म्हणाले, नवरी ट्रॅक्टरवरून आली तर शोभा येईल, आणि ट्रॅक्टर दुसऱ्या कोणाला चालवता येत नाही.

अशा रीतीनं स्वतःच्या घरच्या कार्यात त्रिविक्रम ड्रायव्हर झाला. मागे फळीवर हिरव्या खणात गुंडाळलेलं हातभर उंचीचं रोप, त्याला धरून शिवाप्पांची सून, पुढे सनई-ढोल वाजवणारे, आणि मागे गाव. चारशे माणसं त्या वाटेवरून चालत आली आणि एकाचाही पाय अडखळला नाही. पिंपळाला बाशिंग बांधलं, रोपाला मंगळसूत्र घातलं. अक्षता पडल्या तेव्हा सायलेन्सरच्या धुरानं त्रिविक्रमच्या डोळ्यांत पाणी आलं. (इंजिन त्या वेळी बंद होतं, पण कारण धूरच होता.)

जेवणं झाली. चित्रान्न, पायस, ओबट्टू म्हणजे आपली पुरणपोळीच. आणि मग जे पाच महिन्यांत घडलं नव्हतं ते घडलं: रीडिंग रूम भरली. बाकं, जमीन, उंबरा, सगळीकडे माणसं. त्रिविक्रम धावत गेला. ओबट्टूवर कोणाला चालवत नव्हतं. लोक झोपले होते. वर्तमानपत्रं अंगाखाली होती. भूमिसुधारणेचे दोन जाड खंड पुरोहितबुवांच्या डोक्याखाली नेमके बसले होते. तो दाराशी उभा राहून ते घोरणं ऐकत राहिला. घर एवढं भरलेलं त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

ऊन उतरल्यावर लोक उठले आणि निघाले. नवी वाट इतकी उत्तम झाली होती, की पाव तासात बाग रिकामी झाली. पूर्वीच्या वाटेवर ठेचकाळत, थांबत, एकमेकांना हात देत एवढ्या माणसांना तास तरी लागला असता. आत्याही शेवटच्या गाडीनं गेली. यल्लाप्पानं उपरण्याची घडी करून परत दिली आणि म्हणाला, "सरी, चिक्कधनी."

त्यानंतर वाटेवर रहदारी खूप वाढली. मंगळवारी-शुक्रवारी बायका नव्या जोडप्याला प्रदक्षिणा घालायला यायच्या, हळदकुंकू वाहायच्या आणि घराकडे न बघता परत जायच्या. सायकलवाले तर त्याच्या दारावरून असे सुसाट जायचे, की त्यानं हात वर करेपर्यंत ते वळणाआड झालेले असायचे. पोस्टमन आता पाय टेकत नव्हता. पत्रं चालत्या सायकलवरून अंगणात टाकायचा.

आणि मग एका रविवारी सकाळी एक अनोळखी गृहस्थ खरोखरच पायऱ्या चढून वर आले. के. आर. पुरमच्या बाजूचे, डोक्याला रुमाल, हातात नारळ. त्रिविक्रमनं घाईघाईनं धुतलेला सदरा चढवला, त्यांना बाकावर बसवलं, पाणी दिलं, आणि कोणत्या विषयावरचं पुस्तक पुढं करावं याचा विचार करू लागला.

गृहस्थ म्हणाले, आमच्या गावी पिंपळाचं लग्न काढलंय. तुमच्या इथली नवरी ट्रॅक्टरवरून आली होती असं सगळीकडे ऐकलं. तुमच्या धन्यांना, त्या यल्लाप्पांना विचारून, तुम्ही गाडी घेऊन याल का?

धनी आपण आहोत हे सांगायला त्रिविक्रमनं तोंड उघडलं. मग मिटलं. त्यानं विचारलं, किती माणसं येतील.

"सहाशे तरी."

त्रिविक्रमनं त्यांच्या हातातला नारळ घेतला. मग, अगदी सहज विचारल्यासारखं दाखवून, त्यानं विचारलं, "मला पंगतीत बसता येईल ना?"

"त्याची काळजीच सोडा, ड्रायव्हरअण्णा," गृहस्थ जिव्हाळ्यानं म्हणाले. "तुम्हाला उतरायचीसुद्धा तसदी नाही. ड्रायव्हरचं पान आम्ही गाडीवरच आणून देतो."