तपासणीच्या दिवशीची एकादशी

बुऱ्हाणपूरच्या संस्कृत पाठशाळेचे मुख्य शिक्षक अनंतशास्त्री यांनी गावभर सांगून ठेवलं होतं, "तपासणीला येऊ द्या कोणालाही. माझ्यासमोर बसले की मान्यता देऊनच उठतील."

राज्याची नवी जुळणी झाली, राजधानी नागपूरची भोपाळ झाली आणि पाठशाळेची नागपुरी मान्यता रद्दीत गेली. आता भोपाळची मिळाली नाही, तर इथल्या 'शास्त्री' पदवीवर कुठेच मास्तरकी मिळणार नव्हती. पार खकनारपर्यंतचे पालक डोळे लावून बसले होते.

भोपाळहून दोन पंडित आले, एक थोरले, एक धाकटे. तपासणी झकास झाली. मग पानं मांडली आणि अनंतशास्त्र्यांच्या पत्नी कुसुमबाईंनी साबुदाण्याची खिचडी वाढली.

थोरल्यांनी पानाकडे पाहिलं. "ये क्या है?"

"आज एकादशी ना," अनंतशास्त्री म्हणाले.

"हम वैष्णवों की कल है."

पंक्तीच्या टोकाला दुसरे शिक्षक देवरामशास्त्री बसले होते. तेही भागवत एकादशीवाले, आणि सकाळपासून उपाशी. ते फणकारले, "हेच मी यांना सांगत होतो. आज यांचा उपास, उद्या माझा. म्हणजे मी दोन्ही दिवस मरायचं का?"

"पाहुण्यांसमोर तोंड सांभाळ, देवराम."

"तोंडात काही पडलं असतं तर सांभाळलं असतं."

तेवढ्यात धाकटे पंडित म्हणाले, "शास्त्रीजी ठीक कहते हैं. एकादशी आज ही है."

"तुम मुझे शास्त्र सिखाओगे?" थोरले कडाडले.

मग दोन्ही शास्त्री राहिले बाजूला आणि पंडितांचीच जुंपली. कुसुमबाई लालबुंद होऊन आत गेल्या, घरच्या पोरांसाठी केलेलं वरणभाताचं पातेलं आणून त्यांनी पंक्तीत आदळलं. "घ्या. ज्याला जे पचतं ते गिळा."

एकादशीला पंक्तीत भात पाहून धाकटे ताडकन उठले. धाकट्यांनी नाक मुरडलेलं पाहून थोरले उठले. दोघे दोन टांग्यांत बसून स्टेशनाकडे निघाले. अनंतशास्त्री अनवाणी धावत सुटले, पण कोणत्या टांग्यामागे धावावं हेच त्यांना ठरवता येईना. परत येईतो विद्यार्थ्यांनी खिचडी आणि भात, दोन्ही संपवले होते.

काही महिन्यांनी निकाल लागला. धाकट्यांच्या मते फक्त अनंतशास्त्र्यांचा वर्ग लायक होता, थोरल्यांच्या मते फक्त देवरामशास्त्र्यांचा. भोपाळच्या कचेरीने दोघांचाही मान राखून दोन पाठशाळांना मान्यता दिली. अट एकच, जागा वेगळी हवी.

जागा म्हणजे एकच दालन. कुसुमबाईंनी कोणाशी न बोलता मधोमध जुनं लुगडं टांगलं. पोरांच्या पदव्या बचावल्या, पालक पेढे घेऊन आले. अनंतशास्त्री मात्र पेढ्याला हात न लावता लुगड्याकडे बोट दाखवून ओरडत होते, "मी मुख्य शिक्षक ना? मग एकुलती एक खिडकी देवरामकडे कशी गेली?"