वीर जवानाचे सपाट पाय

योगेश एसटीतून गावच्या फाट्यावर उतरला आणि समोर स्वतःचंच तोंड बघून दचकला. भल्यामोठ्या फ्लेक्सवर तो फेटा बांधून, छाती काढून उभा होता. मागे रणगाडा, वर विमानं, खाली 'भारतमातेचा वीर सुपुत्र'. आणि वीर सुपुत्राच्या डोक्यावर, त्याच्या दुप्पट आकारात, युवा नेते शेखरभौ हात जोडून हसत होते.

"मेलो!" योगेश म्हणाला.

झालं होतं ते एवढंच. काल अमरावतीच्या सैन्यभरतीत तो धावण्यात पास झाला आणि आनंदाच्या भरात त्यानं घरी फोन केला. वडिलांनी, उत्तमरावांनी, ते अकोटच्या भाजीबाजारात सांगितलं, बाजारानं गावाला आणि गावानं शेखरभौंना. धावण्यानंतर डॉक्टरी तपासणीही असते, हे सांगायला कुणाला फुरसत होती? आज सकाळी डॉक्टरनं त्याला ओल्या पायांनी फरशीवर उभं केलं. पाऊल अख्खंच्या अख्खं उमटलं. "सपाट तळवे. अनफिट. पुढचा!" संपली देशसेवा. लहानपणी ह्याच भरल्या पावलांचं आईनं, पार्बताबाईंनी, केवढं कौतुक केलं होतं!

खरं सांगायचं तर योगेशला सीमेपेक्षा गुलाबरावांच्या घराची ओढ जास्त होती. गुलाबरावांची प्रतीक्षा त्याच्या मनात होती, तिच्याही मनात तो होता, पण गुलाबरावांनी साफ सांगितलं होतं, "पोट्टा चांगला हाय. पण वांगेवाल्याले पोरगी देऊन का करू? नोकरी पाह्यजे." स्वतः गुलाबराव पिढीजात मिरचीवाले, पण जावई निवडताना माणूस आपलं शेत विसरतो. म्हणून योगेश पहाटे अकोट रोडवर धावायला लागला. प्रतीक्षाही गावातल्या मुलींबरोबर पोलीस भरतीसाठी धावायची. ती रोज पुलावर आधी पोचायची आणि हा धापा टाकत आला की मोबाइल बघून ह्याची वेळ सांगायची. ह्यात काही विशेष आहे असं कुणाला वाटलं नव्हतं. ह्यालाही नाही.

"बाबा, आयका तं," योगेशनं फाट्यावरच तोंड उघडलं.

"मंग सांगजो! आंधी फेटा बांध!" उत्तमरावांनी त्याला ढकलत बँडपुढे नेलं. बँडवाल्यांनी असा काही दणका उडवला, की पुढचं बोलणं त्यातच बुडालं. मारुतीच्या पारापर्यंत त्याच्या गळ्यात इतके हार पडले, की हवी असलेली हिंमत त्याखाली दबून गेली. सुदामकाका मिरवणुकीतच कानाशी लागले, "बापू, फौजी कँटीनच्या दोन बाटल्या माह्या नावाच्या. इसरू नको."

पारावर शेखरभौंनी माइक धरला. "आपला योगेश सैन्यात काहून चालला? सांगा!"

"देशासाठी!" पोट्टे ओरडले.

"तीन टाइम जेवाले भेटते नं, माय!" पार्बताबाई भाबडेपणानं बोलून गेल्या.

"वांग्याचा भाव पाह्यला का तुमी?" उत्तमरावांनी भर घातली. "हा फौजेत नाही जाईन तं का करीन?"

प्रत्येकाकडे कारण तयार होतं. ज्याला जायचं होतं त्याला विचारायचं तेवढं राहिलं होतं. शेखरभौंना बहुधा तेच आठवलं, कारण त्यांनी माइक योगेशच्या तोंडाशी नेला. समोर गुलाबराव कौतुकानं मान डोलवत बसले होते. खोटं बोललो तर पोरगी मिळेल, खरं बोललो तर जाईल. पण त्या बिचाऱ्याला खोटं रेटणं कधी जमलंच नव्हतं.

"मी बाद झालो," तो म्हणाला. "माहे पाय सपाट हायेत."

बँडवाला अर्धवट उचललेली काठी हळूच खाली ठेवू लागला.

"मंग कँटीनचं?" सुदामकाकांचा जीव कळवळला.

गुलाबराव धोतर झटकून उठले. "चाल वं प्रतीक्षा, घरी."

प्रतीक्षा उठली, पण घराकडे जाण्याऐवजी पारावर चढली. "बाबा, माही निवड झाली. लष्करी पोलिसात. आठ दिस झाले. याचं बी होईन, मंग त्या गडबडीत सांगीन म्हटलं."

शेखरभौंनी क्षणात तोंडावरचं दुःख आवरलं आणि माइक तिच्याकडे वळवला. "ताई! देशसेवेची प्रेरणा कुठून भेटली?"

"पोह्याइतून," प्रतीक्षा म्हणाली. "पावण्याइच्या समोर पोह्याचा ट्रे घेऊन चालू चालू कटाळली मी. तिथं चालाचा पगार तरी भेटते. अन् अग्निवीराले चार वर्सं लग्न करता येत नाही, असा नियमच हाय!"

"आँ?" योगेश किंचाळला. ज्या लग्नापायी त्यानं वर्षभर पहाटेची झोप मोडली, ते लग्न सैन्यातच बंद होतं!

बँड पुन्हा वाजला, त्याला काय! योगेशच्या गळ्यातले हार प्रतीक्षाच्या गळ्यात गेले. सुदामकाका तिला आदरानं 'मॅडम' म्हणू लागले.

दुसऱ्या दिवशी योगेश वावरात वांग्यांना पाणी देत होता. तोडलेल्या मालावर कालचा फ्लेक्स ताडपत्री म्हणून पसरला होता. शेखरभौ उन्हात हसत पडले होते. गुलाबराव बांधावर येऊन खाकरले. बराच वेळ त्यांनी वांग्यांची चौकशी केली.

"लेकीपुढं माहं काही चालत नाही बावा," शेवटी ते म्हणाले. "आता थे डुटीवर जाईन. जवाई बी नोकरीवाला केला तं थो एकीकडं, हे दुसरीकडं. सणाले घरी कोन राहीन? मले घरी राहनारा पोरगा पाह्यजे. वांगेवाला असला तरी चालन."

योगेशनं फावडं चिखलातच रोवलं.

"पन चार वर्सं थांबा लागते. थांबशीन? कुठं जाशीन तं नाही?"

योगेशनं चिखलात रुतलेल्या आपल्या पायांकडे पाहिलं. त्या पायांवर त्याचं पहिल्यांदाच प्रेम बसलं होतं.

"कुठं जाईन काका?" तो म्हणाला. "हे पाय घरीच राहाचे हायेत, असं फौजेच्या डॉक्टरनं लिहून देल्लं हाय."