हिलाल नानांची पावलं

हिलाल नानांना नुसता आकडा चालत नाही. आकड्याबरोबर माणूस लागतो.

मी शाळेत रुजू झाले त्या दिवशी त्यांना साधं विचारलं, "सर, बसथांबा इथून किती लांब?" त्यांनी माझ्या चपलांकडे निरखून पाहिलं. मला वाटलं, अंगठा तुटला की काय! मग म्हणाले, "माझी पाचशे पावलं. तुमची सातशे होतील, बाई." मी देवपूरहून एसटीनं येणारी. नरडाण्याजवळच्या या गावातून संध्याकाळची गाडी चुकली की तासभर माश्या मारत बसायचं. त्या दिवशी पावलं मोजत गेले आणि गाडी डोळ्यांदेखत निघून गेली. दुसऱ्या दिवशी तणतणतच त्यांना सांगितलं, "सातशे बारा भरली!" माझ्या गाडीचं सोयरसुतक नाही. "बारा कशी काय वाढली?" म्हणून दिवसभर विचारात.

नानांकडे पाचवीचा वर्ग. मोजमापाचा धडा ते पुस्तकातून शिकवतच नाहीत. "फळा किती लांब शे?" म्हणून विचारतात, आणि पोरं वितीनं मोजायला धावतात. कुणी म्हणतं बारा, कुणी चौदा. सोनल नावाची एक चिमुरडी आहे, ती ठासून सतरा सांगते. नाना प्रत्येकाला एकच विचारतात, "कोनी वीत?" म्हणजे कुणाची. मग जी काही जुंपते! शेजारच्या वर्गात माझा आवाज मलाच ऐकू येत नाही. पुरेशी भांडणं झाली की नाना कपाटामागून मीटरपट्टी काढतात. "हिला विचारा. ही कुणा एकाची नाही, म्हणून बठ्ठासनी शे, सगळ्यांची."

पाण्याच्या दिवशी तर विचारूच नका. एका बादलीत किती तांबे, एका तांब्यात किती मिलिलिटर, हे ठरेपर्यंत व्हरांड्याचा तलाव झालेला असतो. एकदा मुख्याध्यापक त्यातून टाचांवर चालत आले. नानांनी त्यांना थांबवून पोरांना विचारलं, "सांगा, सरांच्या पँटीनं किती मिलिलिटर पाणी पिलं असेल?"

थंडीत शाळेत भरताची पार्टी असते. स्वयंपाकाच्या मावशी लाकडी बडगीत वांगी ठेचत होत्या. नाना जवळ जाऊन म्हणाले, "मीठ किती टाकणार?"

"मूठभर."

"कोनी मूठ?"

मावशींनी बडगी त्यांच्यापुढे आपटली. "मंग तुम्हीच करा!"

नानांनी खरंच केलं. वर्गातल्या सगळ्यात दांडग्या पोराची मूठ घेतली. भरीत तोंडात धरवेना. सगळ्यांनी कळण्याच्या भाकरीबरोबर नुसता कांदा खाल्ला. नानांनी मात्र ते भरीत दोनदा वाढून घेतलं, वर म्हणाले, "बघा, मूठ हे माप का नको ते आता कुणी विसरणार नाही."

अशा माणसाला काय म्हणावं? मी त्यांना चक्रम म्हणत असे. त्यांच्या घरी जाईपर्यंतच.

त्यांच्या पत्नी विमलअक्का. साखरेच्या आजारात दोन वर्षांपूर्वी त्यांची दृष्टी गेली. पूर्वी रोज दुपारी नानांचा डबा घेऊन त्या शाळेत येत, पायरीवर बसून सगळ्या बायांशी गप्पा मारत. आता नानांनी हात धरून नेलं तरच बाहेर. मी चहाला बसले होते, तेव्हा अक्का अचानक म्हणाल्या, "बाई, या चार भिंती पाठ व्हयन्या. माले शाळापर्यंत एकलीले जावानं शे." नाना म्हणाले, "मी आहे ना!" अक्का म्हणाल्या, "तुम्ही शेत ना, त्येच तर." नानांच्या कपातला चहा तसाच निवला.

दुसऱ्या दिवशी पाचवीचा अख्खा वर्ग गाठी मारलेला दोर घेऊन रस्त्यावर. नानांच्या घरापासून पिठाच्या गिरणीपर्यंत चौऱ्याऐंशी मीटर. तिथे उजवीकडे वळायचं, मग शाळा त्रेसष्ट मीटर. वळण चुकून पुढे गेलं तर थेट नाला, म्हणून आकडा चोख हवा होता. मीटरचे सेंटिमीटर झाले. अक्कांचं पाऊल साठ सेंटिमीटर, असं नानांनी सांगितलं. पोरांनी भागाकार केले, एकमेकांचे तपासले. गिरणीपर्यंत एकशे चाळीस पावलं, पुढे एकशे पाच. अक्कांनी दोन दिवस ते पाठ केलं.

ठरल्या सकाळी अक्का काठी घेऊन निघाल्या. नाना गिरणीपाशी उभे, आम्ही सगळे श्वास रोखून. अक्का मोठ्यानं मोजत होत्या. एकशे चाळीस म्हणाल्या, उजवीकडे वळल्या आणि काठी एका म्हशीला लागली. गिरणी अजून बरीच पुढे होती. म्हशीनं मान वळवून पाहिलं. पोरं फिसकन हसली.

नाना धावत आले. चेहरा पार उतरलेला. "कोणाचा भागाकार चुकला?" कोणाचाच चुकला नव्हता. तेव्हा सोनल हळूच म्हणाली, "गुरजी, हाई साठ कोनी सांगं?"

"मी सांगितलं. तीस वर्षं शेताच्या वाटेवर हिच्या मागे चाललोय. हिचं पाऊल मला ठाऊक नसेल होय?"

सोनल खाली बसली. धुळीत अक्कांच्या पावलांचे ठसे उमटले होते. तिनं एका ठशापासून दुसऱ्यापर्यंत हातातली मीटरपट्टी लावली. बेचाळीस. पुढचं मोजलं. बेचाळीस.

नाना त्या ठशांकडे बघतच राहिले. "एवढंसं पाऊल कधी झालं गं तुझं?"

"तुम्ही हात धरीसन चालतस," अक्का शांतपणे म्हणाल्या. "तुमले कसं समजी?"

नानांनी खिशातून खडू काढला आणि म्हशीच्या गोठ्याच्या भिंतीवरच नवा भागाकार मांडायला सोनलला दिला. गिरणीपर्यंत दोनशे, पुढे दीडशे. अक्कांनी नवे आकडे दोनदा म्हणून घेतले आणि काठी टेकत घरी परत गेल्या, पहिल्यापासून सुरुवात करायला. नाना बरोबर निघाले, तर म्हणाल्या, "तुम्ही शाळात जा."

नाना शाळेत आले. फाटकाकडे पाठ करून उभे राहिले. मलाच म्हणाले, "तुम्ही बघा, बाई. मला बघवत नाही." मी बघत होते. अक्का गिरणीपाशी वळल्या, बरोबर वळल्या. मग काठी शाळेच्या फाटकावर वाजली. पोरांनी असा गिल्ला केला की मुख्याध्यापक बाहेर धावले. अक्का पायरी चाचपून खाली बसल्या, पदरानं घाम पुसला आणि म्हणाल्या, "बठ्ठ्या बाया कोठे शेत? बलावा." दोन वर्षांच्या गप्पा साठल्या होत्या. मावशींनी चहा केला, तास बुडाले, कुणी काही बोललं नाही.

मग अक्का उठल्या. नाना लगबगीनं पुढे झाले. "मी एकली जासू," अक्का म्हणाल्या, आणि एक, दोन, तीन म्हणत फाटकाबाहेर पडल्या.

नाना फाटकात थांबले. अक्का गिरणीपाशी वळून दिसेनाशा झाल्या तरी त्यांचा उजवा हात तसाच अर्धा पुढे होता. मी म्हटलं, "नाना, हात खाली घ्या आता." त्यांनी हाताकडे पाहिलं. तो पुढे आहे हे त्यांना माहीतच नव्हतं.