मॅडमचा डावा हात

"माझा कन्व्हर्टर बंद पडणं शक्यच नाही! एक डबा मेला तर बाकीचे त्याचं काम वाटून घेतील!" सकाळी चहा पिता पिता मॅडमनी घरात जाहीर केलं. नवऱ्यानं मान डोलावली. तो शाळेत चित्रकला शिकवायचा. विजेशी त्याचा संबंध दिव्याच्या बटणापुरता!

मॅडम प्रचंड दाबाच्या डीसी विजेचे कन्व्हर्टर बनवणाऱ्या कारखान्यात कंट्रोल सांभाळायच्या. कन्व्हर्टर म्हणजे वीज साठवणाऱ्या डब्यांच्या उंचच उंच चळती. एकेका चळतीला तिथे 'हात' म्हणत, आणि मेलेला डबा वगळून वीज पुढे नेण्याला 'बायपास'. आज कन्व्हर्टर बघायला गिऱ्हाईक आलं होतं. पसंत पडला नाही तर यंत्र भंगारात आणि मॅडम दुसऱ्या खात्यात, असं साहेबांनी गोड शब्दांत सांगून ठेवलं होतं.

टेस्ट सुरू झाली. ठरल्याप्रमाणे एक डबा मुद्दाम बाद केला, आणि यंत्र धाडकन बंद! गिऱ्हाईकानं साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी मॅडमकडे, मॅडमनी छताकडे.

नेमका तेव्हाच नवऱ्याचा फोन आला. तो कापायला गेलेला मॅडमचा अंगठा भलत्याच बटणावर पडला आणि चालू फोन परत खिशात गेला. नवऱ्याला ऐकू आलं ते असं:

"मॅडम, डावा हात गेला!"

"सगळा?"

"सगळा! बायपास झालाच नाही."

"घाबरू नका. आधी डिस्चार्ज होऊ दे. त्याआधी कुणी हात लावलात तर जीव जाईल!"

"बायकोचा हात गेला, बायपासही झाला नाही!" एवढंच मुख्याध्यापिकांना ओरडून सांगत नवरा वर्ग तसाच सोडून घरी धावला. सासूबाई मटकन खालीच बसल्या. "अरे, हाताला कसला बायपास?"

"नवीन निघालं असेल, आई! चल लवकर!"

इकडे डब्यांतली वीज उतरल्यावर मॅडम शिडीवर चढल्या. बघतात तर काय, हुकूम नेणाऱ्या एका बारीक केबलचा प्लग अर्धवट बसलेला! टच्‌कन दाबला. पुन्हा टेस्ट, पुन्हा एक डबा बाद. यंत्रानं हूं की चूं केलं नाही. गिऱ्हाईकानं टाळ्या वाजवल्या.

"मॅडम, गेटवर तुमची मंडळी आलीत," वॉचमन धापा टाकत म्हणाला. "रडताहेत!"

मॅडम कोट काढत होत्या, तशाच धावल्या. उजवी बाही निघाली नव्हती, डाव्या खांद्यावरून मोकळी बाही लोंबत होती, आणि डावा हात पाठीमागे बाकीचा कोट सावरत होता.

मोकळी बाही पाहून सासूबाईंनी हंबरडाच फोडला. "अगं बाई! खरंच गेला गं!"

"काय गेलं?" मॅडमनी डावा हात पुढे काढला.

सासूबाईंनी तो खांद्यापासून नखांपर्यंत चाचपला, दोनदा बोटं मोजली आणि सुनेला अशी मिठी मारली की उरलेला कोटही गळून पडला. नवरा फुटपाथवरच बसून हसू लागला, मग रडू लागला, मग दोन्ही एकदम.

तेवढ्यात त्याच्या फोनवर मुख्याध्यापिका. "सर, आम्ही शाळा लवकर सोडली. बाई कशा आहेत? हात?"

"हात... परत आला."

"काय सांगता! आणि बायपास?"

नवऱ्यानं बायकोकडे पाहिलं. "बायपासचं विचारताहेत." मॅडमची मान अभिमानानं ताठ झाली.

"सांगा त्यांना, गिऱ्हाईकासमोर केला. एकदम यशस्वी!"