नकाशातलं बेट

नकाशेकाका जन्मभर समुद्राचे नकाशे काढत आले, पण समुद्र काही त्यांनी पाहिला नव्हता. कचेरीला खिडकी होती, ती समोरच्या भिंतीवर उघडायची. निवृत्ती तोंडावर आली होती. त्या दुपारी समुद्रतळाच्या वायूवरून भांडणाऱ्या दोन राज्यांची सीमारेषा काढताना, डुलकी आणि जाग यांच्या मधे कुठेतरी, त्यांना वाटलं की एवढं निळं पाणी फारच ओकंबोकं दिसतंय. त्यांनी मधोमध एक इवलंसं बेट काढलं. खोडायचं राहून गेलं.

नकाशा थेट कोर्टात गेला, सोबत काकाही. सीमा दोन्ही किनाऱ्यांपासून सारख्या अंतरावर धरायची असा रिवाज; बेट ज्याचं, त्याचा किनारा आपोआप पुढे सरकतो. आपल्या राज्याच्या वकिलांचा चेहरा उजळला. "महोदय, हे बेट आमचं. म्हणजे वायूही आमचा."

काका घाईघाईने पुढे सरकले. त्यांनी वकिलांचा कोट ओढला. "साहेब, ते बेट मीच काढलंय."

"सुरेख काढलंय. बसा."

काकांना वाटलं, आता समोरचे वकील म्हणणार, असं बेटच नाही. आणि आपण नाक कापून घेऊन घरी बसणार. पण 'मला ठाऊक नाही' असं कबूल करील तो वकील कसला? समोरचे उठले. "बेट आमचं. आमचे मच्छीमार पिढ्यान्‌पिढ्या तिथे जाळी वाळवतात."

"मग पाहूनच येऊ," न्यायमूर्ती म्हणाले.

बोट त्या जागी थांबली. चहूकडे नुसतं पाणी, उन्हात झोपल्यासारखं.

"भरती आहे," आपले वकील म्हणाले.

"चांगलीच आहे," समोरच्यांनी दुजोरा दिला. खटला उभा राहिल्यापासून दोघांचं प्रथमच एकमत झालं.

काका कठड्याला धरून समुद्र बघत होते. आता गप्प बसवेना. "महोदय, बेट नाहीच. मला पेंग आली होती."

"बोट लागलीय त्यांना," दोन्ही वकील एका सुरात म्हणाले.

निकाल आला. बेट दिसेपर्यंत कुणी तळाला भोक पाडायचं नाही. नकाशेवाल्यांनी पत्नीसह किनाऱ्यावरच्या सरकारी बंगल्यात राहून समुद्रावर नजर ठेवावी. तोवर त्यांच्या निवृत्तीला स्थगिती.

संध्याकाळी दोघं व्हरांड्यात बसली होती. पाणी मऊ, सोनेरी झालं होतं.

"अहो," काकू डोळे बारीक करून म्हणाल्या, "ते तिकडे लांब काळंसं काय दिसतंय?"

काकांनी पाहिलं. मग उठले आणि काकूंची खुर्ची अलगद बागेकडे वळवली.

"ढग आहे गं. चहा घे, निवतोय."