चार मिनिटांचा बंब

सभेला निघताना ऑपरेटरताईंनी यजमानांना तीनदा विचारलं, "अहो, गॅस बंद केलात ना?" आणि यजमानांनी तिन्ही वेळा "हो" म्हटलं. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली होती. या "हो"चा अर्थ "प्रश्न ऐकू आला" एवढाच असतो, हे ताईंना पाठ होतं. पण त्या दिवशी सभेत मतदान होतं, एकेका हाताला किंमत होती, आणि यजमानांचा हात तेवढा खात्रीचा होता. त्यांना दंडाला धरून ताईंनी घराबाहेर काढलं.

गावाला स्वतःचं अग्निशमन केंद्र असावं म्हणून ताई तीन वर्षं दारोदार फिरत होत्या. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांनी तीस वर्षं काढली होती, आणि गावातल्या प्रत्येक आगीचा फोन त्यांच्याच हातून मोठ्या शहरात जोडला गेला होता. सुताराची वखार पेटली तेव्हा तो चाळीस मिनिटं फोन धरून बसला होता. दर दोन मिनिटांनी विचारायचा, "ताई, निघाले का हो?" आणि त्या सांगायच्या, "निघालेत, येतीलच." बंब आला तेव्हा विझवायला फक्त राख उरली होती. एक्स्चेंज बंद होऊनही जमाना लोटला, पण तो "निघाले का हो" ताईंच्या कानातून काही गेला नाही.

विरोधात होता गिरणीवाला. केंद्रासाठी घरटी वर्गणी पडणार होती, याचं त्याला फारसं काही नव्हतं. पण जागा ठरली होती गिरणीला लागून. "रोज पहाटे भोंगा वाजवून बघणार ते," तो सगळ्यांना सांगत सुटला होता. स्वतःच्या गिरणीच्या आवाजात तीस वर्षं घालवलेल्या माणसाचे कान एकाएकी इतके नाजूक कसे झाले, हे ताईंना कळत नव्हतं.

शाळेच्या सभागृहात अध्यक्ष म्हणून दातांचे डॉक्टर बसले होते. लोकांना तोंड बंद ठेवायला सांगणं त्यांना जमत नसे, कारण आयुष्यभर त्यांनी उलटंच सांगितलं होतं. गलका थांबेना तेव्हा ताईच उभ्या राहिल्या. त्यांनी सगळ्यांना आपापलं घड्याळ हातात घ्यायला सांगितलं. "दोन मिनिटं नुसते काट्याकडे बघत बसा. मग सांगा, चाळीस मिनिटं म्हणजे काय असतं."

युक्ती नामी होती. सभागृह चिडीचूप झालं. गिरणीवाल्यानंही मनगट वर धरलं. पुढचा हुकमी पत्ताही ताईंजवळ तयार होता: मोठ्या शहरातले बंबवाले साहेब स्वतः बोलायला यायचे होते. ताईंनी त्यांना गुपचूप बोलावलं होतं.

दीड मिनिट झालं असेल, तेवढ्यात ताईंची शेजारीण धापा टाकत दारात आली. "ताई, तुमच्या स्वयंपाकघरातून धूर येतोय. मी बंबाला फोन लावलाय."

ताईंनी यजमानांकडे पाहिलं. यजमान घड्याळाकडे पाहत होते. "बटाटे," ते हळूच म्हणाले.

सगळी सभा घड्याळं हातात धरूनच ताईंच्या गल्लीत धावली. आणि गल्लीच्या तोंडाशी पोचते तोच घंटा घणघणली. भला मोठा लाल बंब गल्लीत शिरला, मागे काहीतरी कडाडलं, पण त्या गडबडीत वळून बघतो कोण. पाच जवान उतरले, स्वयंपाकघरात गेले आणि कोळसा झालेले बटाटे पातेल्यासकट अंगणात आणून ठेवले. सवयीप्रमाणे त्यांच्यावर पाणीही मारलं.

"चार मिनिटं," गिरणीवाला म्हणाला. "मी स्वतः मोजलीत. ताईंनीच मोजायला सांगितलं होतं."

साहेबांची जीप बिघडली होती, म्हणून ते सभेला बंबातूनच आले होते आणि शाळेमागे चहा घेत बसले होते, शहराने शेजारणीचा फोन तिथेच कळवला, हे ताईंनी जीव तोडून सांगितलं. साहेबांनीही सांगितलं. पण लोकांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, शिवाय घड्याळ लावून. शेजारणीने तर, आता आणखी किती लवकर यायचं त्या बिचाऱ्यांनी, असं म्हणून साहेबांनाच गप्प केलं.

सभागृहात परत येऊन मतदान झालं. विरोधात हात वर झाले, त्यांत एक ओळखीचा होता. त्याच्या बाहीचं बटण ताईंनी सकाळीच लावून दिलं होतं.

"अहो, तुम्हीसुद्धा?"

"अगं, चारच मिनिटांत आले. मी डोळ्यांदेखत खोटं कसं बोलू?"

ठराव पडला. ताई घरी येऊन करपल्या पातेल्यापुढे बसल्या. बाहेर साहेब आणि ड्रायव्हर गल्लीच्या तोंडाशी उभे राहून खाली बघत होते. मघाशी कडाडली होती ती गटारावरची फरशी. तिचे तुकडे गटारात पडले होते, आणि गल्लीचं दुसरं टोक होतं भिंतीत. बंब अडकला होता, तोही नेमका ताईंच्या फाटकासमोर.

फरशी बसवायला बांधकाम खात्याने तीन आठवडे सांगितले आणि तीन महिने लावले. बंबाशिवाय राहायची मोठ्या शहराची तयारी नव्हती. त्यांनी नवा बंब घेतला आणि जुन्यासाठी हुकूम काढला: आहे त्या जागी कायम केंद्र करावं. गावाला एक पैसा पडला नाही. पाच जवान ताईंच्या नळावर आंघोळी करू लागले. यजमान त्यांच्यासाठी बटाटे उकडू लागले. आणि रोज पहाटे साडेपाचला, नियमाप्रमाणे, भोंगा वाजवून बघितला जाऊ लागला.

पंधराव्या पहाटेनंतर ताईंनी अर्ज लिहिला. केंद्र गिरणीशेजारच्या मोकळ्या जागी हलवावं. पुन्हा सभा भरली, पुन्हा डॉक्टर अध्यक्ष झाले. कानातले बोळे काढून ताई बोलल्या. मग गिरणीवाला उठला. त्याचा चेहरा झोप पूर्ण झालेल्या माणसासारखा तुकतुकीत होता.

"मी ताईंना विरोध केला, ती माझी चूक झाली," तो हात जोडून म्हणाला. "एकेक मिनिट महत्त्वाचं, हे त्यांनीच आपल्याला शिकवलं. मग ज्या घरात बटाटे जळतात, त्या घरापासून बंब एक पाऊलही लांब कशाला न्यायचा?"

डॉक्टरांनी विरोधातले हात वर करायला सांगितले. ताईंनी मुद्दामच शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं नाही. वर गेलेल्या त्या बाहीचं बटण त्यांना नजरेच्या कोपऱ्यातून दिसलंच.

"अहो," त्या पुढे बघतच म्हणाल्या, "गॅस बंद केलात ना?"

"हो," यजमान म्हणाले.

ताई स्वस्थ बसून राहिल्या. आता धावायचं कारण नव्हतं.